बोरस्तेसाहेबांची खरड छाटणी

बोरस्तेसाहेबांबद्दल वाईट बोलायचं नाही, असं मी पुष्कळदा ठरवते. पण मग बोलायला काही उरतच नाही. चांगलं म्हणावं असं त्यांच्याकडे एकच होतं, हस्ताक्षर, आणि तेही त्यांनी बहुधा मेमो लिहिण्यासाठीच कमावलं असावं.

अबुधाबीच्या खलिफा सिटीत आम्ही एकाच व्हिलात राहायचो. व्हिला म्हटलं की आमच्या साताऱ्याकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव येतो. आमच्या व्हिलाचे मालकाने भिंती घालून चार तुकडे केले होते. अंगणासकटचा मोठा तुकडा बोरस्त्यांचा आणि मागचा, ज्याच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या अंगणात उघडायची, तो आमचा. शिवाय मी त्यांच्याच ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर. कोल्ड स्टोरेज बांधणारी कंपनी आणि बोरस्तेसाहेब तिथले चीफ इंजिनिअर. म्हणजे दिवसभर ऑफिसात साहेब आणि संध्याकाळी भाजी चिरताना खिडकीत पुन्हा साहेब. एवढं मी मिलिंदलाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, कधी पाहिलं नसेल.

उंच, शिडशिडीत माणूस. जुलैच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. ज्याला घाम येत नाही त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे माझं मत त्यांच्यामुळेच झालं. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सगळं हळू बोलायचे. समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि तो पुरेसा वाकला की मग ते जे बोलायचे ते त्याला आयुष्यभर पुरायचं.

मी नवी असताना पुण्याचा जोशी नावाचा एक इंजिनिअर होता. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. त्याने एका खजुराच्या गोदामाच्या ड्रॉइंगवर तापमान लिहिताना चूक केली. उणे चार लिहायचं तिथे चार लिहिलं. बोरस्तेसाहेबांनी त्याला सोबत साइटवर नेलं, चालू असलेल्या फ्रीझरच्या खोलीत उभं केलं आणि म्हणाले, "जोशी, तुमचं आणि माझं गणित जुळत नाहीये. तुम्ही अंगावर घेऊन बघा फरक काय ते. जॅकेट माझ्याकडे द्या." दार लावून ते बाहेर उभे राहिले. आतून कडी नव्हती असं नाही, दार आतून उघडता येतंच. पण जोशी उघडेना, कारण बाहेर साहेब उभे होते. शेवटी साहेबांनीच उघडलं. त्या महिन्यात जोशीने राजीनामा दिला. त्याच्या निरोपाच्या केकवर साहेबांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी ठेवली होती, 'वॉर्म विशेस.' ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला.

आता असा माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करत असेल? तर झाडांशी बोलायचा.

झाडं म्हणजे रेडकरंटची झुडपं. मलाही आधी ठाऊक नव्हतं रेडकरंट म्हणजे काय. थंड मुलखातलं कमरेएवढं झुडूप. त्याला करवंदापेक्षा लहान, तांबडीलाल, आरपार दिसणारी फळं घडाने लोंबतात. चवीला आंबट. युरोपातल्या म्हाताऱ्या बायका परसात लावतात आणि जॅम करतात. हिवाळाभर कडक थंडी खाल्ल्याशिवाय त्याला फूल येत नाही. हे झाड अबुधाबीत लावणं म्हणजे उंट महाबळेश्वरला पाळण्यासारखं. पण बोरस्तेसाहेब ट्रेनिंगसाठी हॉलंडला गेले असताना तिथल्या एका इंजिनिअरच्या परसात त्यांनी हे फळ खाल्लं, आणि तो गोरा हसत म्हणाला, "युवर कंट्री, ओन्ली हीट. हे तुमच्याकडे इम्पॉसिबल." साहेब परत आले ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या घेऊन.

अंगणात हिरव्या जाळीचा मांडव घातला गेला, त्याला दोन डेझर्ट कूलर लागले. कोपऱ्यात पफ पॅनेलची, म्हणजे आत फोम भरलेल्या पत्र्यांची, एक कोल्ड रूम उभी राहिली, कपाटापेक्षा मोठी आणि खोलीपेक्षा लहान. नोव्हेंबर ते जानेवारी कुंड्या आत. फेब्रुवारीत बाहेर मांडवात. उन्हाळाभर कूलर चालू. त्यांच्या घरात दिवाणखान्याचा एसी मात्र संध्याकाळी सातशिवाय लावायचा नाही असा नियम होता. सुलभाताई, म्हणजे त्यांची बायको, दुपारी ओला पंचा मानेवर टाकून पोळ्या लाटायच्या, आणि खिडकीतून मला मांडवातली झाडं गारव्यात डुलताना दिसायची.

हा नुसता गोऱ्याच्या बोलण्याचा राग नव्हता. त्याच्या मागे आणखी एक माणूस होता. एकदा मांडवात पाईप धरायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी मला खिडकीतून बोलावलं, आणि पानं पुसता पुसता, माझ्याकडे न बघता सांगितलं. साहेब निफाडकडचे, घर द्राक्षबागायतदारांचं. वडिलांनी बाग धाकट्या भावाच्या हाती दिली आणि यांना सांगितलं, तू नोकरी बघ, तुझ्या हाताला फळ नाही. चारचौघांत, बागेत, मजुरांसमोर. "आबा गेले," साहेब म्हणाले. "भाऊ आहे. एक घड धरू द्या मॅडम, फक्त एक. त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. द्राक्ष कुणीही काढतं." पान पुसणारी त्यांची बोटं तेव्हा इतकी हलकी होती की मला त्यांची दया आली. नंतर त्यांनी मला सांगितलं की मी पाईप बैलासारखा धरते, तेव्हा ती गेली.

झाडांबद्दल त्यांना जे काही येत होतं ते सगळं निफाडचं होतं. पुस्तक वाचायचं नाही, यूट्यूब बघायचं नाही. "कॉम्प्युटरवर बघून शेती करणारे मी खूप पाहिलेत. कात्री लागल्याशिवाय फळ येत नाही. माझ्या रक्तात आहे ते." द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल अगदी खरडून टाकायचा, एक डोळा ठेवून सगळ्या काड्या साफ. आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी दुसरी. साहेबांनी हेच वेळापत्रक रेडकरंटला लावलं. एप्रिल आला की झुडपांचं खोडकं करायचे, टोकांना मोरचुदाची निळी पेस्ट फासायचे, आणि ऑक्टोबरात उरलंसुरलं परत कापायचे. झाडं दर वेळी हिरवीगार फुटायची. घड कधी धरला नाही.

एप्रिलच्या छाटणीचा त्यांच्याकडे सोहळा असायचा. खलिफा सिटीतली आणि जवळपासची मराठी कुटुंबं सकाळी बोलवायचे. सुलभाताई पहाटेपासून मिसळ करायच्या, नाशिकची, वर पापड. नारळ फुटायचा, कात्रीला हळदकुंकू लागायचं. मग साहेब छाटायला बसायचे आणि आम्ही ताटल्या घेऊन भोवती उभे. कार्यक्रम खरा तिथून सुरू व्हायचा. एकेक काडी बोटात धरून ते म्हणायचे, "ही बघा. दिसायला काय सुंदर. कामाची? शून्य. आपल्या देशपांडेंची आठवण येते." कट. "ही वाकडी. हिला कितीही सरळ बांधा, हिचं तोंड दाराकडे. कोण बरं दुबईत इंटरव्ह्यू देऊन आलं गेल्या आठवड्यात?" कट. ज्याचं नाव निघालं नाही तो मोठ्याने हसायचा. ज्याचं निघालं तो मिसळीत पाव बुडवत राहायचा. एकदा एक जाड, गाठी आलेली काडी धरून ते म्हणाले, "ही माझ्या घरातली. जुनी झाली. आता नुसती जागा अडवते." सुलभाताई मागे ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तर्री वाढू का कुणाला?" मी ताटली पुढे केली. भूक नव्हती.

कोल्ड रूम बांधून दिली होती इकबाल परकार यांनी. रत्नागिरीकडचे, शारजाच्या औद्योगिक भागात कंपनीचं वर्कशॉप होतं तिथले फोरमन. साधा, हसरा माणूस, दर वर्षी घरून आमसुलं आली की आम्हाला डबा पाठवायचे. एका ईदच्या सकाळी कोल्ड रूमच्या दारातून हवा गळायला लागली. साहेबांनी फोन लावला. परकार शारजाहून आले, नवा पांढरा कुर्ता, अत्तर, मागच्या सीटवर नटलेल्या दोन मुली आणि बायको. बायको-मुलींना गाडीत एसी लावून बसवलं आणि कुर्त्याच्या बाह्या मागे सारून ते दाराचं रबर काढायला बसले. मी खिडकीतून म्हटलं, "परकारभाई, ईद मुबारक. पोरींना आत पाठवा ना." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बसू देत गाडीत. आत आल्या की दार सारखं उघडबंद होतं."

काम झालं. कुर्त्याला काळं ग्रीस लागलं होतं. परकार उठून म्हणाले, "खलास साहेब. आता दोन वर्षं बघायला नको, इन्शाल्ला. निघतो मी, पोरां भुकेली हायत."

साहेबांनी दारावरून बोट फिरवून पाहिलं. "हे रबर तुम्हीच बसवलं होतं ना आधी?"

"होय साहेब."

"मग सुट्टी तुमची, आणि चूकही तुमचीच. उगाच उपकार केल्यासारखं तोंड करू नका."

परकारांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. पुढच्या वर्षी आमसुलाचा डबा फक्त आमच्याकडे आला.

साहेबांची क्रूरता अशी सुटी, किरकोळ असती तर मी हे लिहायला बसले नसते. तसे साहेब प्रत्येक ऑफिसात एखादे असतात. पण त्या एका जानेवारीत जे झालं त्यानंतर त्या घरातलं सगळं बदललं, आणि ते फक्त मला आणि त्यांच्या मुलीला माहीत होतं.

सुलभाताईंची आई निफाडजवळच्या गावी आजारी होती. वय झालेलं, त्यात न्यूमोनिया. भावाचे रोज फोन. सुलभाताईंनी साहेबांना विचारलं, आठ दिवस जाऊन येऊ का. साहेब रुवैसला साइटवर निघाले होते, तिथे त्यांचा दोन आठवड्यांचा मुक्काम. ते म्हणाले, "आणि खोली कोण बघणार? तापमान वर गेलं तर झाडं आतच जागी होतात, वर्ष फुकट. सकाळ-संध्याकाळ बघून मला मेसेज करायचा. मी आलो की जा." सुलभाताईंचा पासपोर्ट त्यांच्या ऑफिसातल्या तिजोरीत असायचा. घरात हरवेल म्हणून, असं ते सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई, मुलगी युनिव्हर्सिटीत, आणि आईकडे जायला हिचा स्वतःचा पासपोर्ट हिच्या हातात नाही. मी म्हटलं, "ताई, मी बघते तापमान. मला येतं वाचता." त्या म्हणाल्या, "बघशील गं तू. पण तिजोरीची किल्ली रुवैसला आहे."

पाचसहा दिवसांनी सकाळी त्या कोल्ड रूममध्ये थर्मामीटर बघायला गेल्या. त्या पॅनेलच्या भिंतीतून फोनचं नेटवर्क आत येत नाही. बाहेर आल्या तर भावाचे एकामागून एक मिस्ड कॉल. मी खिडकीतच होते. त्यांनी तिथेच, मांडवात उभ्या उभ्या फोन लावला आणि ऐकलं. रडल्या नाहीत. मग साहेबांना लावला, स्पीकरवर, आणि फोन कुंडीच्या काठावर ठेवला.

"अहो, आई गेली."

पलीकडून साहेबांचा तो हळू आवाज. "केव्हा?"

"आत्ता. मी आत होते तेव्हा."

"बरं. वय झालं होतं. आता धावत जाऊन काय, तुझ्यासाठी थांबणार थोडेच आहेत. दहाव्याला जा." आणि मग, "खोलीत किती आहे?"

सुलभाताई म्हणाल्या, "साडेतीन." आणि फोन बंद केला.

मी धावत गेले. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. नळाखाली हात धुतले, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "चहा टाकते. घेशील ना?"

दहाव्यालाही त्या गेल्या नाहीत. साहेब परतले ते तीन दिवस उशिरा.

त्यानंतरच्या एप्रिलची गोष्ट. छाटणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे मटकी निवडायला बसले होते. साहेबांची मुलगी सायली सोफ्यावर पाय घेऊन फोनमध्ये काहीतरी वाचत होती. ती तिथेच जन्मलेली, आईशी इंग्रजीत बोलायची, आई मराठीत उत्तर द्यायची. अचानक ती सरळ बसली.

"आई, ही इज डूइंग इट ऑल राँग. रेडकरंट्स फ्रूट ऑन ओल्ड वूड. टू, थ्री इयर्स ओल्ड. बाबा तर ते सगळं कट करतात. एव्हरी सिंगल इयर. इट कॅन नेव्हर फ्रूट."

सुलभाताईंनी मटकीतला खडा बाजूला काढला. "नक्की?"

"इट्स एव्हरीव्हेअर, आई. एनीवन कॅन लुक इट अप. मी सांगते बाबांना."

"नाही सांगायचं."

"व्हॉट? बट ही वॉन्ट्स इट सो बॅडली."

"ठाऊक आहे मला त्यांना किती हवंय ते." सुलभाताईंनी मुलीकडे पाहिलं. आवाज त्यांचाही चढला नव्हता. इतक्या वर्षांत हे त्या साहेबांकडूनच शिकल्या असणार. "तुझी आजी गेली तेव्हा मी त्या खोलीत होते. त्यांना फळ मिळणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. तुला माझी शपथ आहे सायली, आणि तुलाही गं."

सायली रडायला लागली. मी शपथ घेतली आणि पाळली. मला जड गेली असं म्हटलं तर खोटं होईल. जोशी, परकार आणि ती जुनी काडी, सगळेच माझ्या डोळ्यांपुढे होते, आणि आत कुठेतरी गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. सुलभाताईंनी कात्री स्वतः आणून साहेबांच्या हातात दिली. "धार लावून ठेवलीये," त्या म्हणाल्या. साहेबांनी पातं अंगठ्यावर घासून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. बायकोचं कौतुक करताना मी त्यांना बघितलं ते तेवढंच.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. दर एप्रिलला ताई कात्रीला धार लावून द्यायच्या, मिसळ करायच्या, आणि मागे ट्रे घेऊन उभ्या राहून साहेब पुढे येणारे घड काडीसकट कापून टाकतायत ते बघायच्या. बघणाऱ्याला वाटावं, काय सेवाभावी बाई. दर मार्चला साहेब चष्मा कपाळावर चढवून काडीकाडीवर कळी शोधायचे. एक वर्ष त्यांनी कुंड्यांतली माती बदलली, एक वर्ष थंडी वाढवली, एक वर्ष माळी बदलला. कमी कुठे पडतंय ते त्यांना कळेना. एकदा मार्चच्या संध्याकाळी ते मांडवात खुर्ची टाकून नुसते बसले होते. माझी खिडकी उघडी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. ते झाडाला म्हणाले, "काय पाहिजे तुला? सांग ना. काय द्यायचं राहिलंय माझं?" असं ते माणसांशी कधी बोलले असते तर... पण जाऊ दे. आत सुलभाताई भांडी विसळत होत्या. त्यांच्याही स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. नळ तेवढ्यापुरता बंद झाला आणि मग परत सुरू झाला.

साहेबांना झटका आला तो ऑफिसात, मीटिंगमध्ये, ऑक्टोबरच्या छाटणीआधी. उजवी बाजू गेली. बोलणं काही महिन्यांनी परत आलं, थोडं लोळतं, पण ओळखू येईल इतकं बोचरं. हात आणि पाय आले नाहीत. कंपनीने निरोपाचा केक आणला, चिठ्ठीशिवाय. सायली तोवर दुबईत नोकरीला लागली होती. तिने आईवडिलांना आपल्या व्हिसावर घेतलं. तिजोरीतलं सामान कंपनीने एका खोक्यात घालून घरी पाठवलं. सुलभाताईंनी त्यातून आपला पासपोर्ट काढला, साहेबांसाठी नर्स ठेवली आणि माहेरी जाऊन आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ म्हणाला, आता येऊन काय उपयोग. मी म्हटलं, अरे, तुझ्या दाजींनीही हेच सांगितलं होतं."

मला वाटलं होतं आता कोल्ड रूम भंगारात जाणार. गेली नाही. नोव्हेंबरात ताईंनी व्हिलाच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, हाताशी घेऊन कुंड्या आत नेल्या. फेब्रुवारीत बाहेर आणल्या. पाणी, खत, कूलर, सगळं वेळच्या वेळी. फक्त कात्री लावली नाही.

साहेबांचा पलंग पुढच्या खोलीत होता, खिडकी रस्त्याकडची. तिथून मांडव दिसत नाही. एप्रिल आला तसं त्यांनी विचारलं, "छाटणी?"

"केली," सुलभाताई म्हणाल्या. "अगदी खरडून केली."

"पेस्ट?"

"लावली."

त्या वर्षी झुडपं वाढली, जून झाली, खोडांची साल करडी पडली. पुढचा हिवाळा गेला. आमचं तेव्हा शारजाला जायचं ठरलं होतं, मिलिंदची नोकरी बदलली होती, आणि मी रोज थोडं थोडं सामान बांधत होते. एप्रिल संपत आला असेल. दुपारी सुलभाताईंनी खिडकीवर टकटक केली. "ये जरा मागे. काही बोलू नकोस."

मांडवाच्या सावलीतल्या बाजूला, सगळ्यात जुन्या दोन झुडपांवर, पानांखाली घड होते. फार नव्हते. मुठीत मावतील इतके. पण लाल, असे लाल की मला आधी ते प्लास्टिकचे वाटले. आतली बी दिसत होती. मी हात लावला. गार होते.

"ताई, धरलं हो," मी म्हटलं. एवढंच सुचलं. आणि मग, इतकी वर्षं मनात राग धरलेल्या मलाच, वाटलं की धावत जाऊन त्यांना दाखवावं. "त्यांना दाखवू या ना. आता काय राहिलंय त्यांचं? एकदा बघू दे."

"नाही," त्या म्हणाल्या. स्टीलच्या वाटीत त्यांनी घड खुडले, एकेक देठ अलगद मोडत. "पण मी काही त्यांना उपाशी ठेवणार नाही. झाड त्यांचं, फळ त्यांच्याच पोटात जाईल. फक्त त्यांना कळणार नाही."

स्वयंपाकघरात तुरीचं वरण शिजून तयार होतं. त्यांनी फोडणी केली, गोडा मसाला, गूळ. आमसूल टाकतात तिथे वाटी उपडी केली. डावाने दाबून घड फोडले. आमटीला तांबूस रंग आला. मला म्हणाल्या, "चव घे." मी घेतली. आंबट होती, चांगली होती. त्या स्वतः चाखल्या नाहीत.

साहेबांना उशीला टेकवून बसवलं होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं सुलभाताईंनी लावलेली. मी पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले, निरोप घ्यायला आले होते ना. त्यांनी मला ओळखलं, डावा हात थोडा उचलला. ताईंनी आमटीभात कालवून पहिला घास भरवला. ते हळूहळू चावत राहिले.

"आंबट केलीस," ते म्हणाले. "किती आमसूल घालतेस? हाताला चवच राहिली नाही तुझ्या."

"हो," सुलभाताई म्हणाल्या, "जरा जास्त झालं."

त्यांनी जिभेने काहीतरी ओठांवर ढकललं. बारीक, पिवळसर बी. ताईंनी नॅपकिनने टिपून घेतली. साहेब नॅपकिनकडे बघत होते. "बी कसली?"

"टोमॅटोची."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि पूर्वीसारखं, मला पुढे वाकावं लागेल इतकं हळू विचारलं, "मॅडम, तुमच्या खिडकीतून दिसतं. यंदा काही धरलं का?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, घास करत होत्या. "कुठलं काय," त्यांनीच उत्तर दिलं. "पानंच पानं."

साहेबांनी डोळे मिटले. कोपऱ्यातून पाणी आलं आणि शर्टाच्या कॉलरपर्यंत गेलं. ते पुसायला त्यांचा हात उठला नाही, आणि ताईंनी पुसलं नाही. त्यांनी पुढचा घास ओठांशी नेला, आणि डोळे मिटलेलेच ठेवून साहेबांनी तोंड उघडलं.